मॉरिशस : फौज नसलेल्या बेटाचा पहारा

मॉरिशस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, पांढरी वाळू, उसाची शेतं आणि हनिमूनला गेलेल्या एखाद्या नातलगाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो. आज त्याच बेटाची एक वेगळी बाजू बघू या. तिथल्या तोफा, किल्ले, बराकी आणि गणवेश यांची गोष्ट.

१२ मार्चला, म्हणजे मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी, तुम्ही राजधानी पोर्ट लुईमध्ये असाल, तर शाँ द मार्सच्या मैदानावर शिस्तबद्ध संचलन बघायला मिळतं. कडक इस्त्रीचे गणवेश, खांद्यावर रायफली, बँडच्या तालावर पडणारी पावलं. शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, "ही कुठली रेजिमेंट?" तो हसून सांगेल, "हे पोलीस आहेत!"

खरंच, मॉरिशसला स्थायी सैन्यच नाही. सुमारे साडेबारा लाख लोकांचा हा देश. त्याचं मुख्य बेट मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या साधारण तिप्पट. त्याच्या वाट्याला आलेला समुद्र मात्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर! एवढ्या पाण्याचा मालक असलेला देश फौजेशिवाय कसा राहतो? आणि त्याने हा मार्ग का धरला? उत्तर शोधायला विमानतळापासून फार लांब जावं लागत नाही.

खाडीतली लढाई

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. तिथून काही किलोमीटरवर माहेबूर नावाचं जुनं गाव लागतं. बहुतेक पर्यटक ते मागे टाकून थेट रिसॉर्ट गाठतात. तुम्ही मात्र इथे थांबा. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर ग्राँ पोरची विस्तीर्ण खाडी दिसते. उथळ भागात हिरवट आणि खोल भागात गडद निळं पाणी, आणि दूरवर लाटा फुटतात तिथे प्रवाळाच्या खडकांची पांढरी रेघ.

१८१० सालच्या ऑगस्टमध्ये याच पाण्यात फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली. तेव्हा बेटाचं नाव होतं इल द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सचं बेट. इथून निघणारी फ्रेंच लढाऊ जहाजं हिंदी महासागरात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लुटत. सुरकूफ नावाच्या धाडसी दर्यावर्दीने तर १८०० साली बंगालच्या उपसागरात कंपनीचं 'केंट' हे मोठं जहाज पकडलं होतं. भारतातून माल नेणाऱ्या इंग्रजांना हे बेट डोळ्यांत सलत होतं.

इंग्रजांनी खाडीच्या तोंडावरचं इल द ला पास हे चिमुकलं तटबंदीचं बेट आधी काबीज केलं. त्यावर फ्रेंच झेंडा तसाच फडकत ठेवून त्यांनी शत्रूला आत ओढलं. पण पुढे डाव उलटला. खाडीतल्या वाटा फ्रेंचांना पाठ होत्या आणि मार्ग दाखवणाऱ्या खुणा त्यांनी हलवल्या होत्या. पाठलाग करणारी इंग्रजांची 'सिरियस' आणि 'मॅजिसिएन' ही जहाजं प्रवाळावर रुतली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांच्याच खलाशांनी ती पेटवून दिली. 'नेरीड'वरची बहुतेक माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेल्या 'इफिजीनिया'लाही शेवटी शरण जावं लागलं.

पॅरिसच्या प्रसिद्ध विजय कमानीवर नेपोलियनच्या काळातला एकच आरमारी विजय कोरलेला आहे, तो या खाडीतला. फ्रेंच खलाशी शूर होतेच, पण त्या दिवशी बेटाचा सगळ्यात मोठा पहारेकरी ठरला तो पाण्याखालचा प्रवाळ. हे लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण निघणार आहे.

एकाच छताखाली दोन शत्रू

माहेबूरच्या वेशीवर झाडांच्या सावलीत एक जुना फ्रेंच वाडा आहे. आज तिथे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. लढाईत फ्रेंच सेनापती ड्युपेरे याच्या चेहऱ्याला जबर इजा झाली, तर इंग्रज कप्तान विलोबी याचा एक डोळा गेला. दोघांनाही उपचारासाठी याच वाड्यात आणण्यात आलं. काल एकमेकांवर तोफा डागणारे दोन माणसं आज एकाच छताखाली कण्हत पडलेली! मुलांना घेऊन गेलात तर त्यांना इथली जहाजांची अवशेषं दाखवाच, पण ही गोष्टही आवर्जून सांगा.

फ्रेंचांचा हा आनंद तीन महिनेच टिकला. मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि केप इथून निघालेली इंग्रजांची मोठी मोहीम २९ नोव्हेंबर १८१० रोजी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरली. आज काप मालेरो इथलं लाल छपराचं चर्च ज्याच्या त्याच्या फोटोत असतं, तोच हा परिसर. त्या फौजेत हिंदी शिपाईसुद्धा होते. म्हणजे उसाच्या मळ्यांत राबायला भारतीय मजुरांची जहाजं यायला लागली, त्याच्या दोन तपं आधी आपली माणसं इथे बंदूक घेऊन उतरली होती, तीही दुसऱ्याच्या लढाईसाठी.

३ डिसेंबरला फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने शरणागती पत्करली. तहाच्या अटी मात्र त्याने चांगल्या मिळवल्या. रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती आणि मालमत्ता यांना इंग्रजांनी हात लावायचा नाही, असं ठरलं. म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षं इंग्रजांचं राज्य असूनही मॉरिशसमध्ये आज घराघरांत क्रेओल बोलली जाते, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात आणि गावांची नावं फ्रेंचच राहिली आहेत. बेट तलवारीने जिंकलं गेलं, पण लोकांची जीभ कुणाला जिंकता आली नाही.

कुणाच्या भीतीने बांधलेला किल्ला?

आता पोर्ट लुईला चला. शहराच्या मधोमध एका टेकडीवर काळ्या दगडांचा किल्ला आहे, फोर्ट अ‍ॅडलेड. स्थानिक लोक त्याला सिटाडेल म्हणतात. वरून बंदर, शहर आणि घोड्यांच्या शर्यतींचं शाँ द मार्स असं सगळं एका नजरेत दिसतं. हे मैदानही मुळात फ्रेंच फौजेच्या कवायतीचं. १८१२ साली इंग्रजांनी तिथे शर्यती सुरू केल्या.

किल्ला बांधायला सुरुवात झाली १८३४ मध्ये. तेव्हा बाहेरून कुठला शत्रू येत होता? इंग्रजांना धास्ती होती ती घरातल्याच माणसांची. गुलामगिरी रद्द होणार म्हणून फ्रेंच वंशाचे मळेवाले संतापले होते. ते बंड करतील आणि फ्रान्स त्यांच्या मदतीला आरमार पाठवेल, असं सरकारला वाटत होतं. त्याच काळात किनाऱ्यावर मार्टेलो नावाचे जाड भिंतींचे गोल बुरूजही उभे राहिले. पश्चिमेला ला प्रेनूझ इथला बुरूज चांगला जपलेला असून तो आतून बघता येतो.

बंड काही झालं नाही. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक माणसं कागदोपत्री मुक्त झाली. भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, सुमारे २० लाख पौंड. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांच्या हाती काहीच आलं नाही. उलट आणखी काही वर्षं त्यांना जुन्याच मालकांकडे सक्तीने राबावं लागलं. सिटाडेलच्या तोफांना खऱ्या लढाईत डागण्याची वेळ कधीच आली नाही.

गुलामांच्या जागी आले भारतातून करारावर आणलेले मजूर, साडेचार लाखांच्या आसपास. बहुतेक भोजपुरी भागातले, त्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू मुलखातले, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकण-साताऱ्याकडचे मराठी लोकही. त्यांच्या वंशजांनी मराठीपण अजून टिकवलं आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे ऐकून आपल्याकडच्या आजी-आजोबांना नक्कीच बरं वाटेल. सिटाडेलवरून खाली बंदराकडे पाहिलंत की ते मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट त्याच काठावर आहे. किल्ला आणि घाट, दोन्ही एकाच दिवशी बघा. बेट कुणी राखलं आणि बेट कुणी उभं केलं, या दोन प्रश्नांची उत्तरं किती वेगळी आहेत, ते आपोआप कळेल.

परक्याच्या लढाईला नकार

दुसऱ्या महायुद्धात मॉरिशसची हजारो माणसं ब्रिटिश गणवेशात गेली. त्यांतले पुष्कळ जण इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात आठव्या सेनेबरोबर रस्ते, खंदक आणि गोदीची कामं करत होते.

बेटावर उभारलेल्या मॉरिशस रेजिमेंटची गोष्ट मात्र निराळी आहे. आपल्याला बेटाच्या रक्षणासाठी घेतलं आहे, अशी त्यातल्या अनेकांची समजूत होती. डिसेंबर १९४३ मध्ये पहिली बटालियन मादागास्करला नेण्यात आली. तिथे पोहोचताच जवानांनी हुकूम मानायला नकार दिला. कोर्टमार्शल झाली, शिक्षा झाल्या आणि पुढच्या वर्षी रेजिमेंटच मोडीत काढली गेली. आपण कुणासाठी आणि कुठे मरायचं, हे विचारणारा तो आवाज होता. मॉरिशसच्या फौजी इतिहासात विजयांपेक्षा तो अधिक ऐकण्यासारखा आहे.

१९६० साली इंग्रजांनी बेटावरची आपली आफ्रिकन पलटण हलवली आणि तिच्या जागी पोलिसांच्या हाताखाली 'स्पेशल मोबाइल फोर्स' उभी केली. तिचं मुख्य ठाणं वाकोआ या थंड हवेच्या गावात आहे. आपल्याकडच्या राज्य राखीव पोलीस दलाची आठवण यावी, असंच तिचं काम. चक्रीवादळ आलं की झाडं हटवणं, पुरात अडकलेल्यांना काढणं, बॉम्ब निकामी करणं आणि गरज पडली तर दंगल आवरणं. शाँ द मार्सवर संचलन करणारे जवान बव्हंशी हेच.

१२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला. गांधीजींची दांडीयात्रा निघाली ती तारीखही १२ मार्चच. पण तो दिवस नुसत्या आनंदाचा नव्हता. जानेवारीत पोर्ट लुईच्या वस्त्यांमध्ये क्रेओल आणि मुस्लिम गटांत दंगली उसळल्या होत्या, माणसं मेली होती आणि ब्रिटिश सैनिकांना विमानाने आणावं लागलं होतं. झेंडा बदलला तेव्हा शहरात भीती होती.

अशा वेळी नवा देश काय करतो? पुष्कळ नव्या देशांनी आधी सैन्य उभं केलं. काहींच्या सैन्याने पुढे सरकारच उलथवलं. जवळच्याच सेशल्समध्ये स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९७७ साली, बंदुकीच्या जोरावर सत्ता बदलली. मॉरिशसने पैसा शाळा, दवाखाने आणि निवृत्तिवेतनाकडे वळवला. १९७० च्या दशकातच तिथे माध्यमिक शिक्षण मोफत झालं. १९९९ मध्ये पुन्हा दंगली झाल्या, म्हणजे सैन्य नसलं की शांतता आपोआप नांदते असं नाही. पण निवडणुकीत हरलेला पंतप्रधान घरी जातो आणि जिंकलेला खुर्चीवर बसतो, हा रिवाज तिथे आजवर मोडलेला नाही.

समुद्र कोण राखतो?

जमिनीचं ठीक, पण समुद्राचं काय? इथे भारताचा संबंध येतो. १९७४ मध्ये भारताने आपली 'अमर' ही गस्तीची नौका मॉरिशसला दिली. १९८७ मध्ये तिथलं राष्ट्रीय तटरक्षक दल स्थापन झालं, तेही पोलीस खात्याचाच भाग म्हणून. त्याचं नेतृत्व भारतीय नौदलातून प्रतिनियुक्तीवर गेलेला अधिकारी करतो. 'बॅराकुडा' हे गस्ती जहाज कोलकात्यात बांधलं गेलं, तर 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' या वेगवान नौका गोवा शिपयार्डमध्ये. वास्कोला गोदीशेजारून जाताना आठवण ठेवा, इथली पोलादी पाती थेट मॉरिशसच्या पाण्यात पहारा देत आहेत.

अर्थात, मित्राच्या भरवशावर राहण्याची किंमतही असते. दूरच्या अगालेगा बेटांवर भारताच्या मदतीने नवी धावपट्टी आणि जेट्टी बांधली गेली. २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. उद्या हा परक्यांचा तळ तर होणार नाही ना, असं तिथल्या काही रहिवाशांनी विचारलं. दोन्ही सरकारांनी तसं नसल्याचं सांगितलं. पण हा प्रश्न मॉरिशसच्या माणसाला का पडतो, हे समजून घ्यायला हवं.

त्याचं कारण आहे चागोस. स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली. त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं आणि १९७३ पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना घरदार सोडायला लावून मॉरिशस आणि सेशल्सच्या धक्क्यावर आणून सोडलं. पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत त्यांची कुटुंबं अजूनही आहेत. जगातल्या सगळ्यात बलाढ्य फौजेसमोर सैन्य नसलेला देश काय करणार? तो न्यायालयात गेला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की बेटं तोडणं बेकायदा होतं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त ६. मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचं सार्वभौमत्व परत करण्याच्या करारावर सही केली. दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी तसाच राहील, अशी त्यात अट आहे. घर सोडावं लागलेल्या म्हाताऱ्यांचं समाधान झालं आहे असं नाही. पण एकही गोळी न झाडता एवढा पल्ला गाठला गेला, हेही खरं.

उसाच्या पाचटाची तटबंदी

आता पुन्हा माहेबूरच्या किनाऱ्यावर या. २५ जुलै २०२० च्या रात्री 'वाकाशिओ' नावाचं प्रचंड मालवाहू जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं. मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून ते किनाऱ्याच्या जवळ आणलं होतं, असं नंतर चौकशीत पुढे आलं! १८१० मध्ये ज्या प्रवाळाने शत्रूची जहाजं अडवली, त्याच किनाऱ्याचा प्रवाळ आता स्वतःच घायाळ झाला. ६ ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल पाण्यात पसरलं. काळा, चिकट तवंग मासेमारीच्या जागांवर, तिवरांवर आणि इल ओ एग्रेत या राखीव बेटाच्या दिशेने सरकू लागला.

सरकारने आधीचे बारा दिवस वाया घालवले, असा लोकांचा संताप होता. पण ते नुसते ओरडत बसले नाहीत. माहेबूरच्या धक्क्यावर हजारो माणसं जमली. कोळी, शिक्षक, शाळकरी मुलं, साखर कारखान्यातले कामगार. कापडी पिशव्यांत उसाचं पाचट ठासून भरायचं, पिशव्या एकमेकींना शिवायच्या आणि पाण्यावर तरंगत्या भिंती उभ्या करायच्या. तेल शोषायला मदत म्हणून सलूनमधून केस गोळा झाले, कित्येकींनी आपले लांब केस कापून दिले. भारतीय हवाई दलाच्या विमानाने तीस टनांहून अधिक साहित्य आणि तटरक्षक दलाचं दहा जणांचं पथक नेलं. इतर देशांचीही मदत आली. पण पहिली फळी होती ती पाचटाची आणि ती शिवणाऱ्या हातांची. ज्या उसासाठी या लोकांचे पूर्वज गुलाम म्हणून किंवा करारावर इथे आणले गेले, तोच ऊस त्या दिवशी त्यांच्या उपयोगी पडला.

जायचं ठरवलंत तर

पहिला दिवस माहेबूरसाठी ठेवा. संग्रहालय, पॉइंट दे रेगातवरचं लढाईचं स्मारक आणि जमलं तर बोटीने इल ओ एग्रेत. सोमवार असेल तर इथल्या बाजारात गरमागरम डाळपुरी खा, ती आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण वाटेल. दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईत सिटाडेल, शाँ द मार्स आणि आप्रवासी घाट. जुन्या फ्रेंच बराकीत आता पोलिसांचं मुख्यालय आहे, ती बाहेरूनच बघायची. मे ते डिसेंबर हवा चांगली असते. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, पण राष्ट्रीय दिनाचं संचलन बघायचं तर तो धोका पत्करावा लागेल.

आणि समुद्रात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय देऊ नका, तुकडा तोडून आणू नका. या देशाकडे पलटणी नाहीत. जो पहारेकरी आहे त्याला जपणं पाहुण्यांच्याही हातात आहे.